निशाणी एक्केचाळीस

आमच्या हिंगोलीच्या कोर्टात अर्जात काहीही चुकलं तरी ती चूक एकाच माणसाची असते. टाइप करणाऱ्याची. वय चुकलं, टाइप करणाऱ्याची. गाव चुकलं, टाइप करणाऱ्याची. एकदा तर एका बाईच्या जित्याजागत्या नवऱ्याला मयत लिहिलं, तो नवरा स्वतः साक्षीला येऊन उभा राहिला, तरी दुरुस्तीच्या अर्जात काय? 'टंकलेखनातील अनवधानाची चूक.' सगळे वकील हेच लिहितात, सगळे न्यायाधीश हेच वाचतात, आणि कुणाचं काही जात नाही. जातं ते माझं, कारण उकंडराव वकिलांच्या ऑफिसात टाइप मी करते.

मी सुकन्या. एलएल.बी. झालेली, सनद घेतलेली, काळा कोट स्वतःच्या कमाईतून शिवलेली वकील आहे हो मी! पण सरांच्या अर्जांत दोन वर्षांत एकोणीस वेळा मी 'टंकलेखक' झाले. मोजलंय मी.

उकंडराव सर म्हणजे अपघात भरपाईचे वकील. मूळचे डोंगरकड्याचे. नांदेडला कायदा शिकले, आणि हिंगोली वेगळा जिल्हा व्हायच्या आधी एसटीनं परभणीला जाऊन तारखा केल्या. जीप उलटली, ट्रॉली कलंडली, टिप्परनं मोटारसायकल उडवली, की माणसं दवाखान्यातून निघतात ती थेट सरांच्या टेबलाशी येतात. माणूस वाईट नाही. आलेल्याला चहा पाजल्याशिवाय बोलू देत नाहीत आणि म्हातारीला स्वतः हात धरून पायऱ्या उतरवतात. पण अडेल! भर रस्त्यात बसलेली म्हैस एकवेळ उठेल, सर उठायचे नाहीत.

त्यांच्याकडे भरपाईच्या अर्जाचा एक नमुना आहे. चौऱ्याण्णव साली लिहिलेला. तो आधी टाइपरायटरवर होता, मी आल्यावर कॉम्प्युटरात गेला, पण मजकुराचा काना हलला नाही. 'अर्जदार हा निरोगी, निर्व्यसनी व कष्टाळू शेतमजूर असून...' मी फक्त नाव, गाव आणि तारीख बदलायची. निर्व्यसनी म्हणे! तंबाखूचा बार भरून समोर बसलेला माणूसही आमच्या अर्जात निर्व्यसनी. एका शाळेच्या शिपायालासुद्धा शेतमजूर करून टाकला होता. मी दाखवलं तर सर म्हणाले, "सुट्टीत वावरात जाते ना तो? मंग?"

अशा माणसाला वकील संघानं नोटीस काढली. शनिवार-रविवार दोन दिवसांची कार्यशाळा, अपघात भरपाईच्या वकिलांसाठी, नव्या निकालांची माहिती आणि सराव. शिकवायला छत्रपती संभाजीनगरहून राजनंदिनी मॅडम येणार, ज्यांचं वय सरांच्या कोटापेक्षा कमी.

"मला शिकवनार?" सर नोटीस लांब धरून वाचत म्हणाले. "मानसाचं हाड तेच, जीप तीच, काय नवं शिकायचं? मी काय शाळेतलं पोरगं हाय का?"

पण आमचे अध्यक्ष बेरकी. बार रूममध्ये पंखे सहा, फिरतात दोन. दुसऱ्या पंख्याखालची खुर्ची वीस वर्षं सरांची. अध्यक्षांनी नोटिशीखाली हातानं एक ओळ वाढवली: ज्याच्याकडे दोन्ही दिवसांच्या हजेरीचं प्रमाणपत्र, त्यालाच पंख्याखालची खुर्ची. एप्रिल महिना होता. शनिवारी दहाला पाच कमी असताना सर हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत हजर, खिशाला दोन पेनं.

आता मल्हारीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मल्हारी सेनगाव तालुक्यातला मेंढपाळ. दीडशे मेंढरं, बायको चतुराबाई आणि पाठीवर बिऱ्हाड. दोन वर्षांपूर्वी मेंढरं रस्ता ओलांडत असताना भरधाव जीप आली. यानं मेंढरं पुढं ढकलली आणि स्वतः सापडला. जबडा मोडला, वरचे पुढचे दात गेले, ओठाला टाके पडले. हाड जुळलं, पण ओठाचा चंबू काही परत होईना. डॉक्टरांनी दाखला दिला: कायमचं अपंगत्व सहा टक्के.

सहा टक्के म्हणजे कोर्टात काय? काहीच नाही. विमा कंपनीचे वकील बाबूसिंग तर मला जिन्यात म्हणाले, "सुकन्या मॅडम, चार दात आन एक ओठ. लोकअदालतीत मिटवून टाका, उगं कागद काळे करू नका." लोकअदालत कार्यशाळेनंतरच्या शनिवारीच होती आणि सर मिटवायला तयार झाले होते.

दर तारखेला मल्हारी फेट्याचा शेव तोंडावर धरून कोर्टाच्या पायरीवर बसायचा. बोलायची चतुराबाई. मागच्या तारखेला तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, येपारी येऊन पाहून गेला. कोरटाचं काय ठरलं न्हाई तर समदी मेंढरं देऊन टाकनार हायत हे." मी विचारलं, काहून? तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि विषय बदलला. मेंढरं गेली तर मल्हारी काय करणार होता? त्याला दुसरं काही येतच नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण काय करावं ते सुचलं नाही.

तर कार्यशाळा. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "डॉक्टर शरीराचे टक्के सांगतो. धंद्याचं किती नुकसान झालं, ते टक्के वकिलानं सिद्ध करायचे असतात. दोन्ही एक नसतात. आता प्रत्येकानं आपली एक चालू फाइल काढा आणि उभं राहून वाचा."

माझ्या पिशवीत मल्हारीची फाइल होती. शपथ घेऊन सांगते, मी ती मुद्दाम आणली नव्हती. बरं, थोडी मुद्दाम आणली होती.

सर उभे राहिले. खणखणीत आवाजात वाचलं, "अर्जदार हा निरोगी, निर्व्यसनी व कष्टाळू शेतमजूर असून..." पुढं जबडा, ओठ, दात, सहा टक्के.

मॅडमनी विचारलं, "सर, शेतमजुराला ओठ कशाला लागतो?"

"बिडी ओढायला!" सर म्हणाले.

हॉल असा हसला की मागच्या रांगेतल्या बाबूसिंगांच्या डोळ्यांना पाणी आलं. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही तर त्याला निर्व्यसनी लिहिलंय." हॉल पुन्हा हसला, पण आता सरांवर.

सर खाली बसले. दुपारच्या जेवणात जिलेबी होती. दुसऱ्याच्या पानातली जिलेबी हक्कानं उचलणारा हा माणूस, त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पानातलीसुद्धा शिवली नाही. मला खांबाआड बोलावलं.

"सुकन्या, मल्हारी खरं काय काम करते गं?"

"मेंढरं राखतो, सर."

"मंग मी शेतमजूर काहून लिहिलं?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. "तुम्ही लिहिलं नाही सर, तुम्ही नाव बदलायला सांगितलं. मी म्हणलं होतं, हे मेंढपाळ आहेत. तुम्ही म्हणालात, कोर्टाला मेंढरं कशाला दावायची, मजूर लिही, मजुरीचा दर ठरलेला असते."

"म्हनलो व्हतो का मी असं?"

"व्हय!" मी म्हणाले, आणि पत्रावळ टाकायच्या निमित्तानं तिथून निघून गेले.

रविवारी सकाळी साडेआठला सर माझ्या दारात. कोट घातलेला, बूट चकाचक. म्हणाले, "काढ स्कूटी. मल्हारीकडं जाऊ."

"सर, कार्यशाळेचा दुसरा दिवस आहे. हजेरी लागणार नाही. खुर्ची जाईल."

"जाऊ दे ती खुर्ची खड्ड्यात. शनिवारी त्याला मिटवायला लावनार व्हतो मी. शनिवार दूर हाय का?"

मल्हारीनं सेनगावच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात मेंढरं बसवली होती, खतासाठी. आम्ही पोचलो तेव्हा ती चरायला निघाली होती. शेजारी कुणाचा तरी उन्हाळी भुईमूग हिरवागार उभा, आणि मेंढरांनी तिकडं तोंड वळवलेलं. मल्हारीनं शेव खाली केला, दोन बोटं ओठाशी नेली आणि फुंकर मारली. नुसती हवा. पुन्हा मारली. फस्स. पुढची मेंढी भुईमुगात शिरली आणि तिच्यामागं सगळी रांग.

"अय, हाकला!" म्हणून चतुराबाई काठी घेऊन पळाली. मी पळाले. आणि आमचे सर, त्रेसष्ट वर्षांचे, काळ्या कोटात, भुईमुगातून "थांब! थांब म्हनतो ना!" करत धावत होते. कोर्टातलं हे नेहमीचं वाक्य, साक्षीदार गप्प व्हायचे त्यानं. मेंढरं झाली नाहीत. सरांनी मग दोन बोटं तोंडात घालून स्वतः सणसणीत शिट्टी मारली. मेंढरांनी माना वर केल्या, सरांकडे पाहिलं, आणि परत भुईमुगात तोंड घातलं. सर चिखलात बसले. पाटाचं पाणी होतं तिथं.

मल्हारी हसला. शेव न धरता, फुटका ओठ उघडा टाकून. दोन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"तसं न्हाई वळत ते, वकीलसाहेब," तो फसफसत्या आवाजात म्हणाला. "वळायची शिट्टी येगळी, रस्त्यावर थांबायची येगळी, पान्यावरची येगळी. माझ्या तोंडची त्यांना ठाऊक हाय. आता म्या कुठून आनू?"

अर्ध्या तासानं मेंढरं बाहेर आली. भुईमूगवाल्यानं बांधावर उभं राहून सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात वकिलांचाही. मग बाभळीखाली चहा झाला आणि सरांनी फाइल उघडून, अर्जात धंदा शेतमजूर लिहिलाय, ते सांगितलं.

"मल्हारी, कोर्टाला शिट्टी सांगून भागत न्हाई. पुरावा लागते. शिट्टी गेल्यानं काय नुकसान झालं, त्याचा एखादा कागद हाय का?"

"काय न्हाई," मल्हारी चटकन म्हणाला.

चतुराबाई खाकरली. मल्हारीनं तिच्याकडं रागानं पाहिलं. ती पुन्हा खाकरली, कमरेची चंची काढली, आणि सुपारीच्या कप्प्यामागून घडी केलेले कागद काढून सरांच्या पुढ्यात ठेवले. ग्रामपंचायतींच्या कोंडवाड्याच्या पावत्या होत्या. दुसऱ्याच्या पिकात शिरली म्हणून मेंढरं कोंडली, त्याच्या. वेगवेगळ्या गावच्या, अकरा. सगळ्या अपघातानंतरच्या.

"आन अपघाताच्या आधीच्या किती?" सरांचा आवाज बदलला होता.

"एक बी न्हाई. तीस वर्सं झाली माझ्या लग्नाला, एक बी न्हाई."

मल्हारी उठून उभा राहिला. "फाडून फेक म्हनलो व्हतो तुला! वकीलसाहेब, आमच्या बापाच्या, आज्याच्या मेंढरानं कोंडवाडा पाह्यला न्हाई. आन मी भरल्या कोरटात ह्या दावू? समदा तालुका म्हनंल, मल्हारीला मेंढरं राखता येत न्हाईत."

"अरे बाबा, तेच तर कोर्टाला सांगायचं हाय!"

"न्हाई. मेंढरं इकीन, पन हे न्हाई."

तेव्हा मला कळलं, तो मेंढरं का विकत होता. बारावी पावती नको म्हणून. सरांनी कपाळाला हात लावला. हातात एवढा पुरावा, आणि धनी तो फाडून फेकायला निघालेला.

मग चतुराबाईनं विचारलं, "आन साहेब, तुमी आधी आमाला मजूर लिव्हलं म्हनता, त्याचं काय करनार?"

"ते सोपं हाय. टायपिंगची चूक म्हनून अर्ज देऊ, दुरुस्त होते."

"सर!" मी इतक्या जोरात ओरडले की एक कोकरू दचकलं. डोळ्यांत पाणी आलं होतं रागानं.

चतुराबाईनं माझ्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. "म्हंजे चूक तुमची, आन नाव पोरीचं?"

सर खाली मान घालून चिखलाचा बूट काडीनं खरडत बसले. मल्हारी त्यांच्याकडं बघत होता. मग परत खाली बसला आणि म्हणाला, "तुमी तुमचं खरं सांगा वकीलसाहेब. मंग मी माझं सांगतो."

सोमवारी सकाळी ऑफिसात गेले तर सर माझ्या खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर. एका बोटानं टाइप करत होते. मी हात पुढं केला तर खेकसले, "हात लावू नको." चार ओळींना पाऊण तास लागला. कागद माझ्यापुढं टाकला:

'अर्जदाराचा धंदा मेंढपाळ असताना अर्जात व शपथपत्रात शेतमजूर लिहिला गेला. अर्जदाराने खरे सांगितले होते. सदर चूक वकिलाची आहे, टंकलेखकाची नाही. दुरुस्तीची परवानगी मिळावी.'

त्यात दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. मी दाखवले. "ते मात्र टंकलेखनाचं," सर म्हणाले, आणि मला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं.

न्यायाधीश साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. बाबूसिंगांनी हरकत घेतली, फार उशीर झालाय म्हणाले, पण त्यांचंही नेहमीचं बळ नव्हतं. असा अर्ज त्यांनीही कधी पाहिला नव्हता. साहेब एवढंच म्हणाले, "सव्वीस वर्षांच्या नोकरीत ही चूक पहिल्यांदाच तिच्या मालकाकडे आली आहे." परवानगी मिळाली. अर्जाला निशाणी पडली, एक्केचाळीस. आमच्याकडं फाइलीतल्या कागदाला निशाणी म्हणतात, आणि एकदा निशाणी पडली की तो कागद कोर्टाचा.

मल्हारी मागच्या भिंतीशी उभा राहून सगळं ऐकत होता. मिटवायचा शनिवार गेला, आम्ही मिटवलं नाही. पुढच्या तारखेला तो पिंजऱ्यात चढला. तोंडावरचा शेव काढला आणि चतुराबाईनं दिलेल्या अकरा पावत्या स्वतःच्या हातानं पुढं केल्या. प्रत्येक गावाचं नाव घेतलं. आवाज बारीक होत गेला, पण अकरावं गावही सांगितलं. निशाणी बेचाळीस.

बाबूसिंग उलटतपासणीला उठले. "नवे दात बसवले तर शिट्टी वाजंल की न्हाई?"

"दात बसवून पाह्यले साहेब. ओठच मिटत न्हाई."

"ओठाचा काय संबंध? शिट्टी काय, जिभेनं बी वाजते. अशी..." आणि भर कोर्टात बाबूसिंग वकिलांनी शिट्टी मारली. म्हणजे मारायला गेले. पहिल्यांदा जमेना म्हणून त्यांनी नकळत ओठांचा चंबू केला, आणि मग अशी खणखणीत वाजली की बाहेरचा पट्टेवाला धावत आत आला.

न्यायाधीश साहेबांनी वर पाहिलं. "वकीलसाहेब, कोर्टात शिट्टी?"

"प्रश्न... प्रश्न समजावून सांगत होतो, साहेब."

"समजला. ओठांशिवाय तुम्हालाही जमली नाही, अशी नोंद घेऊ का?"

कोर्ट हसलं. सर हसले नाहीत. ते मल्हारीकडे बघत होते.

निकाल जूनमध्ये लागला. साहेबांनी लिहिलं की शरीराचे सहा टक्के खरे, पण मेंढपाळाच्या धंद्याचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त आहे, आणि अकरा पावत्या त्याची साक्ष देतात. भरपाई त्या हिशेबानं मंजूर झाली. विम्याचा चेक आला तशी मल्हारीनं व्यापाऱ्याला मेंढरं द्यायची नाहीत म्हणून सांगितलं, आणि चतुराबाईच्या भावाला मेंढरांमागं पगारी ठेवलं. तो शिट्टी चांगली मारतो. मेंढरं त्याचं अजून निम्मंच ऐकतात, पण ऐकतात.

पंख्याखालची खुर्ची मात्र गेली. दुसऱ्या दिवशीची हजेरी नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही. त्या खुर्चीत आता बाबूसिंग बसतात आणि सर खिडकीशी, वहीनं वारा घेत. पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेत नाव नोंदवलंय त्यांनी. मी सांगते ते खोटं वाटेल, पण पहिलं नाव त्यांचंच आहे. चौऱ्याण्णव सालचा नमुना मी कॉम्प्युटरातून काढून टाकला, त्यांना विचारून.

निकालानंतर महिन्याभरानं मल्हारी एकटाच ऑफिसात आला. शेव तोंडावर नव्हता. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, काम झालं. आता त्या पावत्या परत काढून द्या. जाळून टाकतो."

"निघत न्हाई बाबा त्या," सर म्हणाले. "निशाणी पडली. आता कोर्टाच्या रेकॉर्डातच राहतील त्या."

मल्हारीचं तोंड उतरलं. "म्हंजे माझी मेंढरं अकरा बार कोंडवाड्यात गेली, हे तिथं तसंच लिव्हलेलं राहनार?"

सरांनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"बेचाळीस नंबरला तुझ्या पावत्या हायत, मल्हारी. त्याच्या बराबर वर, एक्केचाळीसला, माझा कागद हाय. एकाच दोऱ्यात ओवलेला. कुनी तुझं वाचायला फाइल उघडली, तर त्याला आधी माझं वाचावं लागते."

मल्हारीनं मान हलवली, कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि सरांच्या पुढं सरकवला.